गाण्याखालचं नाव

१

शनिवारी सकाळी आठ वाजता हेलनबाई चर्चच्या दाराशी पोचल्या, तेव्हा कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं होतं. त्यांना पहिला राग आला तो गायनमंडळातल्या पोरांचा. किल्ली बाहेरच्या मीटरच्या पेटीत असते हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक. उघडायला सगळे पुढे, लावायला कोणी नाही.

देवळाली प्रवराच्या अलीकडे, उसाच्या शेतांना लागून असलेलं हे जुनं दगडी चर्च. हेलनबाईंनी मिशनच्या शाळेत पस्तीस वर्षं गायन शिकवलं आणि निवृत्तीनंतरही दर रविवारी त्याच इथली पायपेटी वाजवत. गुरुवारी दुपारी पेटीचा मधला पंचम घरघरायला लागला म्हणून त्यांनी त्याची पितळी रीड, म्हणजे सूर देणारी पट्टी, उपसून घरी नेली होती. आज ती रुमालात बांधून पर्समध्ये टाकून आणली होती. असली कामं त्या कोणाला सांगत नसत. सांगितलं की लोक लगेच पेटी मोडीत घालून कीबोर्ड आणायची भाषा करत.

दार ढकलून त्या आत गेल्या आणि पाच पावलांवर थांबल्या.

सज्जाच्या दगडी जिन्याशी यशया पडला होता. यशया मकासरे, वय चोवीस, त्यांचा सगळ्यात गुणी विद्यार्थी. डोक्याच्या मागे रक्त सुकून काळं झालं होतं. दाराजवळ एक पोतं होतं. त्यात चर्चचा अँप्लिफायर, दोन माईक, आणि सारख्या मापाची गोल वेटोळी करून गाठ मारलेल्या वायरी होत्या.

फौजदार सविता तासाभरात आल्या. तरुण होत्या, सरळ होत्या, आणि हातात आणखी चार प्रकरणं होती. "काल संध्याकाळी मेलाय. चोरी करायला आला, वरचा स्पीकर काढायला जिना चढला, पाय घसरला," त्या म्हणाल्या. "फोन तेवढा सापडत नाही. मंगळवारी कागद पुढे पाठवते."

यशयाची आई दयाबाई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. ती रडत नव्हती, हेच हेलनबाईंना बघवेना.

"मेला त्यो मेला, बाई," दयाबाई म्हणाली. "पन माझं पोर चोर न्हाई. उद्या लोक म्हनतील, चर्च लुटाया गेल्तं आन देवानं ढकललं. तुमी त्याला शिकीवलंय. तुमीच सांगा, त्यो चोर हाय का?"

हेलनबाई पोत्याकडे बघत होत्या. यशया वायर कधीच अशी गुंडाळत नसे. तो कोपर आणि अंगठा यांच्यात दोरी गुंडाळावी तशी ओढून गुंडाळायचा आणि त्यावरून बोलणी खायचा.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे पोतंही त्याने भरलेलं नाही."

२

सविताबाईंनी चर्चला पोलिसांचं कुलूप लावलं आणि हेलनबाईंच्या म्हणण्यावर मान हलवली. ऐकून घेतलं, एवढाच तिचा अर्थ. मंगळवारपर्यंत मुदत होती. हेलनबाईंनी स्वतःच विचारपूस करायचं ठरवलं. अडुसष्ट वर्षांच्या गायनाच्या मास्तरणीला कोणी नाही म्हणत नाही, हा एक फायदा होता.

रूथ राहुरीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. यशयाशी तिचं लग्न ठरलं होतं आणि दोन महिन्यांपूर्वी मोडलंही होतं.

"तुम्ही ते गाणं ऐकलंत ना, बाई?" तिने फोन काढला. कोणी ऐकलं नव्हतं? उसाच्या ट्रॅक्टरवर, लग्नाच्या वरातीत, पोरांच्या रीलमध्ये, चार महिने तेच वाजत होतं. "चाल यशयाची आहे."

"ते मला ठाऊक आहे," हेलनबाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी सुगीच्या रविवारी आपण ती चर्चमध्ये गायलो. शब्द वेगळे होते."

सुगीच्या रविवारी मंडळीतला प्रत्येक जण शेतातलं पहिलं पीक वेदीपाशी आणून ठेवी. कोणाची बाजरी, कोणाचा कांदा, हे सांगायचं नाही, अशी तिथली रीत. ज्यांना शेत नव्हतं ते गाणं आणत. त्याखालीही नाव घालायचं नाही. ही दुसरी रीत हेलनबाईंनी पाडलेली होती आणि त्यांना तिचा अभिमान होता.

"पहिलं रेकॉर्डिंग मी गायले," रूथ म्हणाली. "आपल्या अँड्र्यूच्या स्टुडिओत, सुप्याला. अँड्र्यू म्हणाला, आत्ता रफ गाऊन दे, पुढे तुझाच आवाज ठेवू. गाणं आलं तर आवाज पुण्याच्या कोणा मुलीचा. यशयाचंही नाव नाही. मी त्याला म्हटलं, अरे कागद केलास का? तो म्हणे, अँड्र्यूने कंपनीकडे पाठवलंय, तो बघेल. एवढ्या भोळ्या माणसाबरोबर संसार कसा करायचा?" तिचा आवाज फुटला. "शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला होता. आज संध्याकाळी चर्चमध्ये एकाला गाणं ऐकवायचंय, म्हणाला. पेटीवर ऐकलं की त्याला नाही म्हणता येणार नाही."

"कोणाला?"

"विचारलं नाही, बाई. मी रागात होते. फोन ठेवून दिला."

हेलनबाईंनी ते गाणं कानाशी धरून पुन्हा ऐकलं. ढोल-ताशांच्या मागे एक पेटी हुंकारत होती. तिची पट्टी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या बरोबर मध्ये होती. असा अवघडलेला सूर अख्ख्या जिल्ह्यात त्यांना एकाच पेटीचा माहीत होता.

३

गाण्याच्या पडद्यावर नाव होतं, 'संगीत : गोरक्षनाथ'. गोरक्षनाथचं ऑफिस नेवाशाला एका मोबाईलच्या दुकानावर होतं. पूर्वी तो मंडप आणि साऊंडचं काम करायचा. आता त्याच्या चॅनेलवर लाखो लोक होते आणि भिंतीवर त्याचेच सहा फोटो.

"पोरगं गेलं, वाईट झालं," तो म्हणाला. त्याने चहा मागवला. वागायला माणूस वाईट नव्हता, आणि त्यामुळे त्याचं बोलणं जास्त लागलं. "पन बाई, मी त्याला उभ्या जन्मात पाह्यलेलं न्हाई. माझ्याकडं चाल आली, मी कागद केला. चाल ज्याची, त्याची सही हाय. समदे हक्क कंपनीचे, नाव कंपनी ठरवील ते."

"बघू कागद?"

त्याने एक फाईल उघडली, दुरून दाखवली आणि मिटली. "वकिलाला इचारून दावतो."

"एवढ्या सुंदर चालीवर स्वतःचं नाव घालताना काही वाटलं नाही?"

"इथं रोज धा पोरं येत्यात. गळा समद्यांचाच चांगला असतो. मी इचारतो, तुझ्या चालीवर तुझं नाव कुठं हाय? कुठं नोंद केली, कुनाला मेल केली, तारीख काय? पोरगं माझ्या तोंडाकडं बघतं. त्याला वाटतं, गानं चांगलं झालं म्हंजे काम झालं. काम तिथनं सुरू हुतं, बाई. ह्ये त्यांना कुनीच शिकवीत न्हाई."

हेलनबाईंचा चहा तसाच राहिला. जिना उतरताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सगळे हक्क ज्याच्या कपाटात पडले आहेत, त्याला चाल करणाऱ्याचं तोंड बंद करायची गरज काय? यशया बोंबलत सुटला असता तरी गोरक्षनाथाने फाईल पुढे केली असती आणि पुन्हा चहा मागवला असता.

पण मग ती सही? यशयाने गाण्याच्या कुठल्याच कागदावर सही केली नव्हती, असं दयाबाई शपथेवर सांगत होती.

४

रविवारी चर्च बंद होतं. उपासना शाळेच्या पटांगणात झाली आणि दयाबाईच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. दुपारी हेलनबाईंनी सुप्याची एसटी धरली.

यशया तिथल्याच एका कारखान्यात कामाला होता. अँड्र्यूचा स्टुडिओ वसाहतीच्या मागे, एका गाळ्यात. अँड्र्यू म्हणजे त्यांचा दुसरा गुणी विद्यार्थी. यशयाला सुचायचं आणि अँड्र्यूला ते नीट बसवता यायचं. दोघांना त्यांनी एका बाकावर बसवून डो-रे-मीची अक्षरं गिरवायला लावली होती. इतकी, की दोघांच्या वह्या अदलाबदल झाल्या तर खुद्द बाईंनाही कळत नसे.

अँड्र्यूचे डोळे सुजले होते. त्याने बाईंचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"महिना झाला, बाई, त्याची गाठ नाही की फोन नाही. माझ्यावर रुसला होता. मी त्याच्या भल्यासाठी चाल कंपनीकडे पाठवली. पुढे त्यांनी काय केलं, मला काय ठाऊक?"

"गाण्यातली पेटी कुठली रे?"

"ती होय? कीबोर्डवरची. इथेच वाजवली." त्याने बोटाने कीबोर्ड दाखवला.

"चर्चकडे फिरकत नाहीस हल्ली."

"नाताळानंतर पाऊल ठेवलं नाही, खरं सांगतो. इथे श्वास घ्यायला वेळ नाही. मुंबईच्या एका कंपनीने तीन गाणी मागितलीत. माझ्या नावावर, बाई, पहिल्यांदाच. आणि तिकडे येऊन तरी काय करू? माईक खरखरतात, निम्मे लोक बेसूर, पायपेटीचा मधला पंचम मुका. मोडीत घाला आता ती. पोरं अशाने टिकतील का?"

हेलनबाईंना नेहमीसारखा राग आला. पेटीवरून त्या आजवर पाच पाळकांशी भांडल्या होत्या. पण आज भांडायची ताकद नव्हती. त्या उठल्या, तेव्हा अँड्र्यू बोलता बोलता एक माईकची वायर गोळा करत होता. एक वेढा वरून, एक खालून, सारख्या मापाची गोल वेटोळी, शेवटी गाठ.

साऊंडचं काम करणारे सगळेच अशी गुंडाळतात, त्यांनी स्वतःला सांगितलं. गोरक्षनाथही तशीच गुंडाळत असेल.

५

परतीच्या एसटीत कंडक्टरला सुटे द्यायला त्यांनी पर्स उघडली. पैशांऐवजी हाताला रुमालाची गाठ लागली. शनिवारच्या गोंधळात रीड पेटीत बसवायची राहूनच गेली होती.

त्यांनी गाठ सोडली. पितळेची बोटाएवढी पट्टी, मधला पंचम. गुरुवार दुपारपासून ती एक तर त्यांच्या घरी होती, नाही तर या पर्समध्ये. नाताळात ती पेटीत होती आणि वाजत होती, त्यांनी स्वतः वाजवली होती.

"बाई, सुटे," कंडक्टर म्हणाला.

हेलनबाईंना ऐकू आलं नाही. एसटी सुप्याच्या चौकातून वळत होती आणि त्या पट्टी पुन्हा रुमालात बांधत होत्या.

६

सोमवारी सविताबाईंनी चर्चचं कुलूप काढलं आणि हेलनबाईंनी सांगितलेल्या माणसांना बोलावून घेतलं. दयाबाई, रूथ, अँड्र्यू पुढच्या बाकांवर बसले. गोरक्षनाथ फाईल मांडीवर घेऊन दाराजवळ बसला.

"शुक्रवारी यशयाने एका माणसाला इथे बोलावलं," हेलनबाई उभ्या राहून बोलू लागल्या. आवाज वर्गातला होता. दुसरा त्यांना येत नव्हता. "गाण्यात ऐकू येते ती हीच पेटी आहे, इथेच वाजवून रेकॉर्ड केलेली. हिची पट्टी कुठल्याच कीबोर्डशी जुळत नाही. ती कानावर पडली की चाल इथे जन्मली हे नाकारता येत नाही. म्हणून त्याने त्या माणसाला पेटीसमोर उभं केलं आणि चाल वाजवली. भांडण झालं. यशया जिन्यावर पडला. मग त्या माणसाने चोरीचा देखावा केला. पोतं भरलं. पण हाताची सवय गेली नाही. चोर वायरी ओढून कोंबतो. ह्या वायरी साऊंडवाल्याने गुंडाळल्या आहेत."

"माझ्याकडं बघू नका," गोरक्षनाथ म्हणाला.

"नाही बघत. यशयाच्या बोलण्याने तुमचं काही बिघडत नव्हतं. फौजदारबाई, त्यांच्या कागदावर सही कोणाची आहे ते वाचा."

सविताबाईंनी फाईल घेतली. "चालीचा कर्ता म्हणून सही... अँड्र्यू."

रूथने तोंडावर हात घेतला. अँड्र्यू शांत होता. "माझ्या स्टुडिओत बसवली, मी सही केली. त्याने खून होतो का? मी नाताळानंतर इथे आलेलोच नाही."

"काल तू मला म्हणालास, मधला पंचम मुका आहे."

"आहेच ना."

"गुरुवार दुपारपासून आहे." त्यांनी तळहात उघडला. "रीड माझ्याकडे आहे. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. यशयाशी तुझं महिनाभर बोलणं नाही. शनिवारी सकाळपासून इथे पोलिसांचं कुलूप. गुरुवार ते शनिवार या मधल्या वेळात ज्याने ही पेटी ऐकली, त्यालाच तो सूर मुका आहे हे कळणार. त्या चालीच्या पहिल्याच ओळीत पंचम आहे, अँड्र्यू. यशया वाजवत होता तेव्हा तिथे भोक पडलं असेल. तुझा कान चांगला. तो मीच तयार केलाय."

मग अँड्र्यू हसला. त्याचं हसणं फार वाईट होतं.

"तो हट्टाला पेटला होता. चाल माझी नाही, असं मुंबईला कळवतो म्हणाला. तीन गाणी, बाई. पाच वर्षं मी लोकांचे आवाज पुसून नीट करतोय. मला वाटलं, त्याला तर नाव नकोच असतं! गाण्याखाली नाव घालणं म्हणजे गर्व, तुम्हीच शिकवलंत ना? त्याने जागा मोकळी सोडली होती. मी फक्त तिथे माझं लिहिलं." तो थांबला. "मी नुसता ढकलला. डोकं पायरीवर आपटलं. फोन कालव्यात टाकला."

"डॉक्टर म्हणाले, पडल्यावर तासभर जिवंत होता," सविताबाई म्हणाल्या.

अँड्र्यूने मान खाली घातली. "घरघर चालू होती."

"आणि तू काय करत होतास?"

"वायरी गुंडाळत होतो."

दयाबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि रूथच्या खांद्यावर डोकं टेकलं.

७

यशया चोर नव्हता हे सगळ्यांना कळलं. त्याला गावाने नीट माती दिली. पण गाणं वाजतच राहिलं आणि पडद्यावर गोरक्षनाथचंच नाव राहिलं.

"खुनाचा आन गान्याचा काय संबंध?" तो हेलनबाईंना फोनवर म्हणाला. "सही करनारा आत गेला तरी सही भाईरच हाय. चाल यशयाची हुती ह्ये कोर्टात दावा, मी आपल्या हातानं नाव बदलतो. काही लिवलेलं हाय का तुमच्याकडं?"

लिहिलेलं होतं. यशयाने चाल लिहून दिलेली सुगीच्या रविवारची वही त्यांच्या कपाटात होती. अँड्र्यूच्या वकिलाला त्या वहीचा सुगावा लागला होता आणि अक्षर आपल्या अशिलाचं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. दोघांचं अक्षर सारखंच, बाईंनी घोटून घेतलेलं. तिसऱ्या दिवशी दयाबाई आली, तेव्हा हेलनबाईंनी वही काढून टेबलावर ठेवली.

"त्याच्या हातची हाय?"

"त्याच्या हातची."

"मग नाव कुठं हाय? इतक्या डाव शाळंत जायाचा, नाव घालाया आलं न्हाई व्हय त्याला?"

हेलनबाईंना वाटलं, म्हणावं की त्याने लिहिलंच नव्हतं. रीतच तशी होती. दयाबाईने ते मान्य केलं असतं, आणि कोणाला कधीच काही कळलं नसतं. त्यांनी पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथला कागद घासून इतका पातळ झाला होता की मागच्या पानाच्या रेघा दिसत होत्या.

"इथे होतं. पूर्ण नाव, खाली तारीखसुद्धा. मी त्याला रबर दिलं आणि माझ्यासमोर पुसायला लावलं."

दयाबाईने त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, हळू, फाटेल या भीतीने.

"काय म्हनला त्यो?"

"'चुकलं, बाई' म्हणाला."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला. नशिबाने त्यावर दुसरं गाणं लावलेलं होतं.

"ह्ये कोर्टात सांगाल? समद्यांम्होरं? लोक तुमाला काय म्हनतील?"

"सांगेन. त्याशिवाय दुसरा पुरावा नाही."

"कोर्ट लई लांब हाय, बाई," दयाबाई उठत म्हणाली. "आधी चर्चमधी सांगा. तिथं गायलेली हाय ती."

रविवारी उपासनेच्या वेळी हेलनबाई पायपेटीवर बसल्या नाहीत. त्या वही घेऊन पुढे आल्या, ज्यांना त्यांनी गायला शिकवलं त्या सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या, आणि आधी स्वतः काय केलं ते सांगितलं. मग यशया मकासरे हे नाव त्यांनी मोठ्याने, दोनदा घेतलं, आणि मुलांना आपापल्या वह्या काढायला सांगितल्या.